बॅकेलाइटच्या आधी एक कागद होता

एक सोपा प्रश्न. जुन्या इमारतींमधला तो काळा गोल स्विच, मेसमधल्या कुकरचं हँडल आणि इलेक्ट्रिकल लॅबमधल्या जुन्या मीटरची काळी पेटी, या तिन्हींत सारखं काय? उत्तर बहुतेकांना येतं : बॅकेलाइट. व्हायव्हात हा प्रश्न आला की आपण फिनॉल, फॉर्माल्डिहाइड आणि थर्मोसेटिंग हे तीन शब्द टाकतो, एक्स्टर्नल मान डोलावतात आणि आपली सुटका होते. पण बॅकेलाइट या नावात एका माणसाचं आडनाव दडलंय आणि त्या माणसाचं निम्मं आयुष्य प्लॅस्टिकमध्ये गेलेलंच नाही, हे फारसं कुणाला ठाऊक नसतं. त्याचं पहिलं मोठं काम होतं फोटो छापायचा कागद. तोही साधासुधा नाही, तर उन्हाळा आला की बिघडणारा कागद!

मी स्वतः लिओ बेकलँड यांच्यापर्यंत पोचलो तो याच कागदाच्या वाटेनं. मी केमिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि फोटोग्राफी क्लबची बंद पडलेली डार्करूम आम्ही चार-पाच जणांनी पुन्हा सुरू केली. एन्लार्जर होता, ट्रे होते, लाल दिवाही होता. कागद तेवढा विकत आणावा लागला. तो आला आणि पहिल्याच प्रिंटपासून सगळं करडं! निगेटिव्ह उत्तम, डेव्हलपर ताजा, तरी आभाळ पांढरं येण्याऐवजी राखेसारखं यायचं. मग आम्ही जुन्या लोकांची एक साधी चाचणी केली. अंधारातच कागदाच्या दोन पट्ट्या कापल्या. एक सरळ हायपोमध्ये टाकली, दुसरी आधी डेव्हलपरमध्ये आणि मग हायपोमध्ये. दोन्हींवर प्रकाशाचा कणही पडलेला नव्हता, त्यामुळे दोन्ही पांढऱ्याशुभ्र निघायला हव्यात. पहिली निघाली. दुसरी करडी. म्हणजे दोष ना आमच्या दिव्याचा, ना हाताचा. कागद आमच्यापर्यंत पोचण्याआधीच जुना होऊन 'फॉग' झाला होता. डेव्हलपरमध्ये बेंझोट्रायाझोलचे थोडे थेंब घालून आम्ही वेळ मारून नेली. पण डोक्यात प्रश्न राहिलाच : एका कागदाला सांभाळायला एवढं अवघड काय असतं? तो शोधता शोधता हे चरित्र हाती लागलं आणि वाटलं की हे आपल्या अंकात यायलाच हवं.

लिओचा जन्म १४ नोव्हेंबर १८६३ चा, बेल्जियममधल्या गेंट शहरातला. वडील चांभारकाम करायचे, शिकलेले नव्हते. आई लोकांच्या घरी घरकाम करायची. मुलानं लवकर हाताखाली यावं असं वडिलांना वाटणं साहजिक होतं. पण मुलगा शिकला पाहिजे हा हट्ट आईचा. आपल्याकडच्या कितीतरी घरांची हीच गोष्ट आहे, नाही का? लिओनं आईचा हट्ट सार्थकी लावला. गावच्या तांत्रिक शाळेत तो चमकला, शहराची शिष्यवृत्ती मिळवली आणि १८८० मध्ये सतराव्या वर्षी गेंट विद्यापीठात दाखल झाला. १८८४ मध्ये, म्हणजे आपण जेमतेम फायनल इयरला असतो त्या एकविसाव्या वर्षी, तो सर्वोच्च श्रेणीत डॉक्टरेट घेऊन बाहेर पडला!

त्यानंतर प्राध्यापकी. आधी ब्रूजच्या अध्यापक विद्यालयात, मग गेंटला. त्यांचे गुरू प्रोफेसर थिओडोर स्वार्ट्स. सरांची मुलगी सेलीन हिच्यावर या तरुण प्राध्यापकाचं प्रेम बसलं आणि १८८९ च्या ऑगस्टमध्ये दोघांचं लग्न झालं. सरांच्या मनात जावयानं शुद्ध रसायनशास्त्र करावं असं होतं. जावयाला मात्र फोटोग्राफीचं वेड. त्या काळी फोटो काचेच्या प्लेटवर काढत आणि ती प्लेट धुवायला वेगवेगळी रसायनं जवळ बाळगावी लागत. बेकलँड यांनी अशी प्लेट बनवली की तिच्यावरच रसायनाचा थर असेल, नुसत्या पाण्यात टाकली की चित्र उमटेल. १८८७ मध्ये पेटंट मिळालं, एका सहकाऱ्याबरोबर गेंटमध्ये छोटी कंपनीही निघाली. पण धंदा काही म्हणावा तसा चालला नाही. प्रयोगशाळेत एक प्लेट उत्तम निघणं वेगळं आणि हजार प्लेटा एकसारख्या काढून विकणं वेगळं, याचा पहिला धडा त्यांना इथंच मिळाला असावा असं मला वाटतं.

१८८७ मध्येच बेल्जियमच्या विद्यापीठांतल्या माजी विद्यार्थ्यांच्या एका स्पर्धेत त्यांना परदेश प्रवासाची शिष्यवृत्ती मिळाली होती. ती वापरून लग्नानंतर हे जोडपं निघालं, इंग्लंड करून न्यूयॉर्कला पोचलं. तिथं कोलंबियाचे प्रोफेसर चँडलर आणि फोटोच्या सामानाचे मोठे व्यापारी रिचर्ड अँथनी यांची गाठ पडली. दोघांनीही या पोराचं पाणी जोखलं. अँथनी यांच्या कंपनीत केमिस्टची नोकरी मिळाली आणि बेकलँड यांनी गेंटची प्राध्यापकी सोडून अमेरिकेत राहायचं ठरवलं. सासऱ्यांना काय वाटलं असेल याची कल्पनाच केलेली बरी!

दोन वर्षांनी, १८९१ मध्ये, नोकरी सोडून ते स्वतंत्र सल्लागार झाले. डोक्यात कल्पनांचा सुळसुळाट, एकाच वेळी पाच-सहा कामं हातात आणि खिशात मात्र पैसे नाहीत. त्यातच मोठं आजारपण आलं. अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांनी स्वतःचा हिशेब मांडला. सगळीकडे थोडं थोडं खणून पाणी लागत नाही, एकाच जागी खोल जायला हवं, हे त्यांना पटलं. निवडलेली जागा म्हणजे फोटो छापायचा कागद.

इथं थोडं थांबून त्या काळचा कागद समजून घेऊ. तेव्हाचे बहुतेक प्रिंट उन्हात निघायचे. अंड्याच्या बलकातल्या पांढऱ्याचा किंवा जिलेटिनचा थर, त्यात चांदीचे क्षार, वर निगेटिव्ह दाबून ठेवायचं आणि चौकट उन्हात मांडायची. चित्र डोळ्यांदेखत हळूहळू गडद होत जायचं. म्हणजे फोटोवाल्याचा धंदा सर्वस्वी सूर्यनारायणाच्या मर्जीवर. आभाळ भरून आलं की काम ठप्प! दुसरीकडे ब्रोमाइड पेपर होता. त्याला कृत्रिम प्रकाश चालायचा, पण तो इतका संवेदनशील की पूर्ण अंधारी खोली आणि लाल दिवा हवाच. घरी हौसेनं फोटो काढणाऱ्या माणसाकडे ही सोय कुठून असणार?

बेकलँड यांचा कागद या दोघांच्या मधला होता. त्यांनी सिल्व्हर क्लोराइड वापरलं, आणि इमल्शनमधले जादा क्षार धुऊन काढायची नेहमीची पायरी गाळली. त्यातून निघालेला कागद उन्हाच्या कागदापेक्षा खूप वेगवान आणि ब्रोमाइडपेक्षा खूप मंद असा होता. त्याची खरी गंमत फिजिक्सची आहे. गॅसच्या ज्योतीपासून एक फुटावर कागद धरला की थोड्याच वेळात छापला जातो. तोच कागद ज्योतीपासून सहा फुटांवर नेला की प्रकाश छत्तीसपटीनं कमी. तेवढ्या उजेडात तो निवांत डेव्हलप करता येतो. म्हणजे अंधारी खोली नको, ऊन नको. रात्री जेवणं झाली की स्वयंपाकघरातच प्रिंट काढा! या कागदाला त्यांनी नाव दिलं 'वेलॉक्स', म्हणजे लॅटिनमध्ये वेगवान. लिओनार्ड जॅकोबी यांना भागीदार घेऊन १८९३ मध्ये न्यूयॉर्कजवळच्या याँकर्सला, नेपेरा पार्क इथं, नेपेरा केमिकल कंपनी उभी राहिली.

मुहूर्त मात्र साफ चुकला होता. १८९३ म्हणजे अमेरिकेतल्या भीषण आर्थिक मंदीचं वर्ष. बँका बुडत होत्या, पैसा मिळेना. एखाद्या सिनेमात इथून थेट यशाकडे उडी मारतील. प्रत्यक्षात पुढची काही वर्षं बेकलँड यांनी तक्रारी ऐकण्यात घालवली. आणि माझ्या मते त्यांचं खरं इंजिनिअरिंग इथूनच सुरू होतं.

फोटोचा कागद बिघडतो कसा? पहिलं दुखणं खुद्द कागदाचं. वर चांदीचे क्षार पसरायचे म्हटल्यावर खालच्या कागदात लोखंडाचा एक बारीकसा कण किंवा धुलाईतल्या रसायनाचा अंश जरी राहिला तरी तिथं डाग पडणार. वही छापायला चालणारा कागद इथं चालत नाही. म्हणूनच त्या काळी जगभरचे उत्पादक मुख्यतः युरोपातल्या दोन ठिकाणांच्या कागदावर अवलंबून असत : फ्रान्समधलं रीव्ह आणि तेव्हा जर्मनीत असलेलं, १९२० पासून बेल्जियममध्ये आलेलं माल्मेडी. पुढं या कागदावर बेरियम सल्फेटचा पांढरा लेप देऊ लागले. त्यानं कागद गुळगुळीत आणि शुभ्र होतो, वर कागदातली घाण इमल्शनपासून लांब राहते.

दुसरं दुखणं जिलेटिनचं. जिलेटिन म्हणजे जनावरांच्या हाडां-कातड्यांतून काढलेला चिकट पदार्थ. कारखान्यात मोजूनमापून बनवलेलं शुद्ध रसायन नव्हे. एका पोत्यातलं जिलेटिन फक्कड चालतं, दुसऱ्यातलं अजिबात नाही, आणि दोन्ही दिसायला सारखीच. याचा तडाखा भल्याभल्यांना बसला होता. जॉर्ज ईस्टमन, म्हणजे पुढं 'कोडॅक' काढणारे, १८८२ मध्ये यापायी जवळजवळ बुडाले होते. त्यांच्या प्लेटा अचानक निकामी निघू लागल्या. त्यांनी विकलेल्या प्लेटा बदलून दिल्या, शेकडो प्रयोग करूनही कारण सापडेना, तेव्हा इंग्लंड गाठलं आणि दोष जिलेटिनच्या पुरवठ्यात असल्याचं कळलं. असं का होतं याचा उलगडा व्हायला मात्र १९२० चं दशक उजाडलं. कोडॅकच्याच प्रयोगशाळेत सॅम्युअल शेपर्ड यांनी दाखवलं की जिलेटिनमधली गंधकाची अत्यल्प संयुगं संवेदनशीलता वाढवतात, आणि ती येतात कुठून, तर गुरांनी खाल्लेल्या मोहरीसारख्या झाडपाल्यातून! गाईनं काय चरलं यावर फोटो ठरायचा. क्वालिटी कंट्रोलच्या पेपरात याहून भारी उदाहरण मिळणार नाही.

तिसरं दुखणं हवेचं, आणि वेलॉक्सला जास्त छळलं ते यानंच. इमल्शनचा थर कागदावर पसरला की तो आधी गारव्यानं गोठवावा लागतो आणि मग हवेनं सुकवावा लागतो. हिवाळ्यात कोरड्या थंड हवेत हे छान जमायचं. उन्हाळ्यात हडसन नदीकाठची हवा दमट व्हायची आणि तोच फॉर्म्युला, तीच माणसं, तीच यंत्रं असूनही कागद बिघडायचा. आपल्याला हे समजवायला नकोच. जुलैत पापडाचा डबा उघडा राहिला की काय होतं ते आपण जाणतो. सादळलेलं जिलेटिन लवकर सुकत नाही, मऊ राहतं, सडूही लागतं. शिवाय वेलॉक्समध्ये जादा क्षार धुऊन काढलेले नव्हते.

अशा वेळी माणूस काय करतो? एक तर फॉर्म्युल्यात बदल करत बसतो, नाहीतर उन्हाळ्यात कारखाना बंद ठेवतो. बेकलँड यांनी दोन्ही केलं नाही. बिघाड ऋतूबरोबर येतो-जातो, म्हणजे दोष रसायनात नाही, हवेत आहे. तेव्हा हवाच बदलायची! त्यांनी शीतयंत्रं बसवली. आत येणारी हवा आधी इतकी थंड करायची की तिच्यातली वाफ पाणी होऊन खाली बसेल, आणि मग तीच हवा पुन्हा हवी तेवढी गरम करून कागदावर सोडायची. मेकॅनिकलच्या मित्रांनो, सायक्रोमेट्रिक चार्टवर ड्यू पॉइंटच्या खाली जाऊन री-हीट करायची जी प्रोसेस आपण पेन्सिलनं रेखाटतो ना, तीच ही. एअर कंडिशनिंगचे जनक म्हणून आपण विलिस कॅरिअर यांचं नाव शिकतो. त्यांनी ब्रुकलिनच्या एका छापखान्यासाठी आर्द्रतेवर ताबा मिळवणारी योजना आखली ती १९०२ मध्ये. बेकलँड यांना त्याआधीच फोटोच्या कागदापायी याच वाटेनं जावं लागलं होतं. दोन्हीकडे मूळ दुखणं एकच : कागद आणि दमट हवा.

चौथं दुखणं होतं वापरणाऱ्याचं. वेलॉक्स अर्ध्या-एक मिनिटात डेव्हलप होतो, पण एक्स्पोजर नेमकं लागतं. ते जास्त झालं किंवा डेव्हलपर थकलेला असला की काळ्या रंगाला हिरवट-तपकिरी छटा येते. धंदेवाईक फोटोग्राफरांची वर्षानुवर्षांची सवय उन्हाच्या कागदाची. ते पाकिटातला सूचनांचा कागद बाजूला टाकायचे, जुन्याच रीतीनं काम करायचे आणि मग हा कागद बेकार आहे म्हणून बोंबलायचे. हौशी मंडळींना मात्र आधीचं काही माहीत नव्हतं. त्यामुळे ते सूचना वाचायचे, तसंच करायचे आणि त्यांचे प्रिंट सुंदर निघायचे! वेलॉक्सला पहिलं नाव मिळालं ते हौशी लोकांत. पुढं बेकलँड जाहीर भाषणांतही हा अनुभव सांगत. त्यांनी त्यातून काय घेतलं हे महत्त्वाचं. वेलॉक्स एकाच जातीचा न ठेवता वेगवेगळ्या निगेटिव्हना मानवेल असा, कमी आणि जास्त उठावाचा, वेगवेगळ्या प्रतींत विकला गेला. वापरणारा चुकतो म्हणून त्याला नावं ठेवण्यापेक्षा चुकायला जागाच कमी ठेवणं हे शहाणपणाचं, नाही का?

हळूहळू तक्रारी कमी झाल्या आणि मागणी वाढली. छोट्या बॉक्स कॅमेऱ्यांमुळे घरोघरी हौशी फोटोग्राफर तयार झाले होते आणि त्यांना रात्री छापता येणारा कागद हवाच होता. ही गोष्ट ईस्टमन यांच्या नजरेतून कशी सुटेल? एका वाईट बॅचनं काय होतं हे त्यांनी स्वतः भोगलं होतं. बारा महिने सारखा निघणारा कागद म्हणजे काय, हे त्यांच्याइतकं कुणाला कळणार! १८९९ मध्ये त्यांनी नेपेरा कंपनी विकत घेतली. सौद्याबद्दल अनेक आख्यायिका आहेत आणि आकडे वेगवेगळे सांगितले जातात, पण बहुतेक ठिकाणी साडेसात लाख डॉलर ही रक्कम दिलेली आढळते. त्यातले सुमारे २ लाख १५ हजार बेकलँड यांच्या वाट्याला आले. त्या काळी ही रक्कम म्हणजे आयुष्यभराची ददात मिटली. वय अवघं पस्तीस! मात्र सौद्यात एक अट होती : पुढची वीस वर्षं फोटोग्राफीच्या संशोधनात पडायचं नाही.

ज्या विषयात जीव ओतला तोच विषय बंद. दुसरा कुणी असता तर हडसनकाठी बंगला बांधून आरामात राहिला असता. बेकलँड यांनी बंगला घेतला खरा, याँकर्समधला 'स्नग रॉक', पण त्याच्या आवारात लगेच प्रयोगशाळा थाटली. १९०० मध्ये ते जर्मनीत शार्लोटनबर्गच्या तांत्रिक संस्थेत जाऊन पुन्हा विद्यार्थी झाले, विद्युत-रसायनशास्त्र शिकले. परत आल्यावर नायगारा धबधब्याच्या विजेवर मिठाच्या पाण्यापासून कॉस्टिक सोडा आणि क्लोरीन बनवणाऱ्या हूकर कंपनीसाठी त्यांनी टाउनसेंड सेल सुधारून दिला. आधी ब्रुकलिनमध्ये लहान प्रमाणावर चालवून पाहायचा, सगळ्या चुका तिथं करायच्या आणि मगच मोठा कारखाना उभारायचा, असा त्यांचा खाक्या.

आणि मग आला तो पदार्थ. वीज सगळीकडे पसरत होती आणि तिला इन्सुलेशनसाठी लाख हवी होती. ही लाख बहुतांशी आपल्या हिंदुस्थानातून जायची. झाडांच्या डहाळ्यांवरचे चिमुकले किडे ती बनवतात. मागणी वाढली, किडे काही ओव्हरटाइम करेनात, भाव चढले. कृत्रिम लाख बनवण्याचा प्रयत्न कितीतरी जण करत होते. फिनॉल आणि फॉर्माल्डिहाइड एकत्र केलं की एक चिवट, कशातच न विरघळणारा गोळा तयार होतो हे बायर यांनी १८७२ मध्येच पाहिलं होतं. पण तो गोळा भांड्याला चिकटायचा, फेसाळायचा, सच्छिद्र व्हायचा, म्हणून लोक वैतागून तो टाकून देत. रासायनिक क्रिया आवरत नाही म्हणून बाकीचे तापमान कमी ठेवायचे.

बेकलँड यांनी उलटं केलं. फेस येतो तो आत वायू आणि वाफ सुटते म्हणून. मग ती दाबून धरली तर? त्यांनी जाड भिंतींचं बंद लोखंडी भांडं बनवलं, 'बॅकेलायझर'. त्यात भरपूर उष्णता आणि भरपूर दाब दिला. १९०७ च्या उन्हाळ्यात त्यातून पूर्ण घट्ट, चकचकीत, पुन्हा न वितळणारा पदार्थ निघाला. जुलैत पेटंटचा अर्ज गेला. फेब्रुवारी १९०९ मध्ये त्यांनी न्यूयॉर्कच्या रसायनशास्त्रज्ञांसमोर तो जाहीर केला आणि डिसेंबरमध्ये पेटंट हाती आलं. पूर्णपणे कृत्रिम असं जगातलं पहिलं प्लॅस्टिक!

वेलॉक्स आणि बॅकेलाइट या दोन गोष्टी शेजारी ठेवून बघा. दोन्हीकडे रसायन आधीपासून माहीत होतं. सिल्व्हर क्लोराइड त्यांनी शोधलं नाही, फिनॉलची ती क्रियाही त्यांची नाही. त्यांचं म्हणावं असं जे आहे ते भोवतालावर मिळवलेला ताबा : एकीकडे हवेची आर्द्रता, दुसरीकडे भांड्यातला दाब. आणखी एक साम्य आहे. सुरुवातीला त्यांना बॅकेलाइट स्वतः बनवायचंच नव्हतं, फक्त परवाने विकायचे होते. पण कारखानदारांना ते जमेना. मग वेलॉक्सचा अनुभव कामी आला. नुसता फॉर्म्युला देऊन भागत नाही हे ओळखून १९१० मध्ये त्यांनी जनरल बॅकेलाइट कंपनी काढली, आणि कच्ची राळ तयार करण्याचं नाजूक काम आपल्याच हाती ठेवलं. क्रिया तीन टप्प्यांत विभागलेली होती. पहिले टप्पे कारखान्यात पार पडायचे, शेवटचा घट्ट होण्याचा टप्पा ग्राहकाच्या साच्यात. पुन्हा तेच : वापरणाऱ्याला चुकायला जागा कमी!

पुढचं यश सर्वांना माहीत आहे. टेलिफोन, रेडिओ, मोटारींचे भाग, स्विच. नक्कल करणाऱ्यांशी कोर्टकज्जे झाले आणि १९२२ मध्ये दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांना सामावून बॅकेलाइट कॉर्पोरेशन झालं. १९१६ मध्ये पर्किन पदक, १९२४ मध्ये अमेरिकन केमिकल सोसायटीचं अध्यक्षपद, त्याच वर्षी 'टाइम'च्या मुखपृष्ठावर छबी. माणूस मात्र हौशीच राहिला. मोटारगाडी ही नवलाई असताना ते बायकामुलांना घेऊन युरोपभर हिंडले आणि १९०७ मध्ये त्या प्रवासावर पुस्तकही लिहिलं. त्याच वर्षापासून रोजनिशी लिहायचे, जवळजवळ अखेरपर्यंत; साठाहून अधिक वह्या आज स्मिथसोनियन संस्थेत जपून ठेवलेल्या आहेत. १९३९ मध्ये कंपनी युनियन कार्बाइडकडे गेली आणि ते निवृत्त झाले. २३ फेब्रुवारी १९४४ रोजी न्यूयॉर्क राज्यातल्या बीकन इथं त्यांचं निधन झालं. ज्या कोडॅकनं वेलॉक्स घेतला त्या कोडॅकनं २००५ मध्ये कृष्णधवल कागद बनवणं थांबवलं. आज इंग्लंड, चेक प्रजासत्ताक अशा मोजक्या ठिकाणी तो बनतो, आणि कुठंही बनला तरी दुखणी तीच : कागद, जिलेटिन, हवा आणि वापरणारा.

हे सगळं वाचून झाल्यावर मला एक गोष्ट फार लागली. आपल्याकडे जर्नल पूर्ण करताना ग्राफवर न बसणारा बिंदू हळूच सरकवण्याची रीत सर्रास आहे. रीडिंग 'मॅनेज' करणं हा आपला शब्द. सगळ्यांचे ग्राफ देखणे येतात, सही मिळते, विषय संपतो. बेकलँड यांनी उन्हाळ्यातले बिघडलेले ताव असेच मोजणीतून वगळले असते, तर हिवाळ्यातले ताव दाखवून त्यांचा फॉर्म्युला अचूकच ठरला असता! पण बिघडलेला ताव हाच त्यांच्याशी काहीतरी बोलत होता. तो कधी बिघडतो, किती बिघडतो, कोणत्या दिवशी नाही बिघडत, हे त्यांनी ऐकून घेतलं आणि त्यातून हवेपर्यंत पोचले. चांभाराच्या घरातून निघालेल्या या मुलाकडे सुरुवातीला भांडवल नव्हतं, ओळखी नव्हत्या. जे नेमकं बसत नाही त्याच्याकडे पाठ न फिरवण्याची चिकाटी तेवढी होती.

परीक्षेत बॅकेलाइटवर चार मार्कांचं टिपण येईल तेव्हा समीकरण जरूर लिहा. पण पुढच्या प्रॅक्टिकलला एखादं रीडिंग वेडंवाकडं आलं, तर खोडरबर उचलण्याआधी लॅबच्या खिडकीतून एकदा बाहेर बघा. पाऊस तर पडत नाहीये ना?